गाणी उरली, बोलणं हवेत गेलं : अमेरिकेतल्या ब्लॅक रेडिओबद्दल

रेडिओवेडा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे. लांबण लागणार, तेव्हा चहा घेऊन बसा.

२५ ऑक्टोबर १९४८, दुपारचे चार. टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर. डब्ल्यूडीआयए हे रेडिओ स्टेशन सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालंय आणि धंदा साफ बसलाय. बर्ट फर्ग्युसन आणि जॉन पेपर हे दोन्ही मालक गोरे. कंट्री संगीत लावून पाहिलं, शास्त्रीय लावून पाहिलं, जाहिराती काही येईनात. शेवटी त्यांनी ठरवलं की शहरातल्या ज्या काळ्या वस्तीला कुणी विचारतच नाही, तिच्यासाठी एक कार्यक्रम करून बघू. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारे आणि वर्तमानपत्रात सदर लिहिणारे नॅट डी. विल्यम्स शाळा सुटल्यावर येऊन माइकसमोर बसले. समोरच्याने बोटाने खूण केली आणि गुरुजी बोलायचं तेच विसरले. मग हसत सुटले. पुढे कित्येक वर्षं मेम्फिसकर त्यांना त्या गडगडाटी हसण्यावरूनच ओळखायचे.

त्या कार्यक्रमाने स्टेशन तरलं. अधेमधे बॉम्बच्या धमक्याही आल्या, पण वर्षभरात सगळं प्रक्षेपण काळ्या श्रोत्यांसाठी होऊ लागलं. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं स्टेशन. १९५४ मध्ये त्यांना ५०,००० वॅटचा परवाना मिळाला आणि मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात दूरवर आवाज पोचू लागला. देशातल्या दर दहा काळ्या माणसांपैकी एक आमच्या टप्प्यात आहे, अशी जाहिरातच ते करत. रायली किंग नावाचा एक पोरगा तिथे पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जिंगल गायचा. बील स्ट्रीट ब्लूज बॉय हे त्याचं रेडिओवरचं नाव झिजत झिजत बी. बी. किंग झालं, तोच पुढे गाजलेला ब्लूज गायक. रुफस थॉमस कापड गिरणीत बॉयलरवर काम करायचा आणि पाळी संपली की स्टुडिओत येऊन रेकॉर्डी लावायचा.

आता माझा मुद्दा. बी. बी. किंगची गाणी आज एका बोटावर ऐकायला मिळतात. कंपन्यांनी ती छापली, विकली, पुन्हा विकली. पण दोन गाण्यांच्या मध्ये नॅट डी. काय बोलले? कुणाच्या चर्चमध्ये जेवण आहे, कुणाचं काय हरवलंय, कुठे नोकरी आहे, कोण वारलं, हे सगळं याच स्टेशनवरून सांगितलं जायचं. ज्या शहरात तुमच्या मयताची बातमी गोऱ्यांचं वर्तमानपत्र छापत नाही, तिथे ते बोलणं हाच खरा ऐवज. आणि तोच जपला गेला नाही, कारण तो विकता येत नव्हता. थेट प्रक्षेपण झालं की संपलं. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. मे १९६३, अलाबामातलं बर्मिंगहॅम. शाळकरी मुलांनी वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढायचा होता, पण पोलिसांना सुगावा लागू द्यायचा नव्हता. शेली स्टुअर्ट आणि 'टॉल पॉल' व्हाइट या निवेदकांनी रेडिओवरून आवताण दिलं : केली इनग्रॅम पार्कमध्ये मोठी पार्टी आहे, येताना टूथब्रश घेऊन या. टूथब्रश म्हणजे रात्र तुरुंगात काढायची तयारी, हे पोरांना बरोब्बर कळलं. २ मे रोजी शेकडो मुलं वर्गातून उठून बाहेर पडली आणि तुरुंग भरले. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः त्या लोकांनी नंतर दिलेल्या मुलाखतींतून.

म्हणूनच १९९६ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने केलेल्या 'ब्लॅक रेडिओ : टेलिंग इट लाइक इट वॉज' या १३ भागांच्या मालिकेला इतकं मोल आहे. निर्मिती जॅकी गेल्स वेब यांची, निवेदन गायक लू रॉल्सचं. जुने निवेदक हयात असताना त्यांना माइकसमोर बसवलं. त्या मुलाखतींचा साठा आज इंडियाना विद्यापीठाच्या आफ्रिकन अमेरिकन संगीत व संस्कृती संग्रहात आहे. पोर्शिया मॉल्ट्सबी या बाईंनी १९९१ मध्ये तो संग्रह उभा केला.

इथे अमेरिकेत राहणारे बरेच आहेत. कुणी यातलं काही पाहिलं-ऐकलं असेल तर लिहा. आणि या संगीताचा आपल्याकडे कुठे धागा जुळत असेल तर तोही.

---

चिंगी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! एक बाळबोध शंका. मालक दोघंही गोरे, मग याला ब्लॅक रेडिओ का म्हणायचं?

---

खडूस

चिंगीताई, शंका बाळबोध अजिबात नाही. गल्ला भरत नव्हता म्हणून नवं गिऱ्हाईक शोधलं, एवढीच ही गोष्ट. टॉनिकं, केसांची तेलं आणि पिठाची पोती विकायला काळा आवाज हवा होता. धागाकर्त्यांनी छान लिहिलंय, पण उगाच उदात्तीकरण नको.

---

अटलांटाकर

मालकीचाच विषय निघालाय तर आमच्या गावचं सांगतो.

डब्ल्यूईआरडी, अटलांटा. १९४९ मध्ये जेसी ब्लेटन यांनी ५०,००० डॉलरला विकत घेतलं. काळ्या माणसाच्या मालकीचं देशातलं पहिलं स्टेशन. ब्लेटन हिशेबनीस, पेशाने सीपीए (आपल्याकडचे सीए), शिवाय प्राध्यापक. म्हणजे रेडिओचं वेड वगैरे नव्हे, आकडेमोड करून घेतलेला निर्णय.

स्टेशन होतं ऑबर्न अव्हेन्यूवर, प्रिन्स हॉल मेसॉनिक टेम्पलच्या इमारतीत. खाली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एससीएलसी या नागरी हक्क संघटनेचं कार्यालय. इथली पाहुण्यांना हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी की किंगना काही सांगायचं असलं की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकायचे, आणि वरून 'जॉकी जॅक' गिब्सन खिडकीतून माइक खाली सोडायचा. चालू कार्यक्रम थांबवून किंग थेट प्रक्षेपणात!

खडूस, गोऱ्या मालकाच्या स्टेशनवर हे चाललं असतं का? तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं. मालकी कुणाची याने फरक पडतोच.

इमारत अजून उभी आहे. पुण्याहून कुणी आलं की मी किंगच्या जन्मघरासोबत तिथेही नेतो. बहुतेकांना रस फोटोपुरताच असतो हा भाग वेगळा.

---

रेडिओवेडा

अटलांटाकर, झकास! दांडा आठवत होता, माइक खिडकीतून सोडायचे हे विसरलो होतो.

खडूसराव, मालकी महत्त्वाची हे मान्य. १९५६ मध्ये डेट्रॉइटजवळ हेली बेल या दंतवैद्याने डब्ल्यूसीएचबी स्टेशन उभं केलं, विकत घेतलेलं नव्हे, पायापासून बांधलेलं. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. माइकच्या अलीकडचा माणूस मात्र सगळीकडे काळ्या वस्तीतलाच होता, आणि मालकाला तो बोलतो ते सगळं कळतही नसे. टूथब्रशचंच घ्या.

शिकागोचं डब्ल्यूव्हीओएन बघा. १९६३ मध्ये लेनर्ड आणि फिल चेस या भावांनी घेतलं. तेच ते चेस रेकॉर्ड्सवाले, गोरे ज्यू स्थलांतरित. स्वतःच्या कंपनीच्या रेकॉर्डी वाजवायला स्टेशन हाताशी, हिशेब सरळ आहे. पण त्याच स्टेशनवर वेस्ली साउथ रात्री फोन घ्यायचे आणि शहरातल्या पोलिसांपासून शाळांपर्यंत सगळ्यावर लोक बोलायचे. तिथल्याच बातम्या विभागातला डॉन कॉर्नेलियस पुढे टीव्हीवर 'सोल ट्रेन' हा काळ्यांच्या गाण्या-नाचाचा कार्यक्रम घेऊन आला.

आणि बाजारपेठेची ताकद स्वतः किंगनी ओळखली होती. ऑगस्ट १९६७ मध्ये अटलांटात काळ्या निवेदकांच्या संमेलनात त्यांनी भाषण केलं. त्यात ते म्हणाले की गोरी आणि काळी पोरं एकाच गाण्यावर नाचू लागली, हे तुमचं काम आहे आणि त्यानेच आमची वाट सोपी केली. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण आहे. जरूर ऐका. श्रोते मध्येच दाद देतात, हसतात. व्यासपीठावरचे किंग जरा सैल झालेले ऐकू येतात.

---

खडूस

भाषण ऐकलं. आवडलं. मत बदललेलं नाही.

---

टेपवाले_काका

मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांपाशी काढलं, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने.

'जपला गेला नाही' असं धागाकर्ते म्हणतात, पण जे जपलं तेही आपोआप टिकत नाही. १९३० आणि ४० च्या दशकात स्टेशनवर मुद्रण व्हायचं ते लॅकरच्या तबकडीवर. ॲल्युमिनियमचा पत्रा, वर नायट्रोसेल्युलोजचा थर, त्यात सुई थेट चर कोरते. युद्धात ॲल्युमिनियम विमानांना लागलं म्हणून काचेवर थर देऊ लागले. म्हणजे हातातून सुटली की गोष्ट संपली. आणि नाही सुटली तरी वरचा थर वर्षागणिक आकसतो, पत्रा काही आकसत नाही. मग तडे जातात, पापुद्रे सुटतात. पृष्ठभागावर पांढरी पूड येते, ती पुसून काढता येते. सुटलेला पापुद्रा परत बसत नाही.

नंतर टेप आली. जुन्या ॲसिटेट टेपला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. १९७० आणि ८० च्या दशकातल्या काही पॉलिएस्टर टेपांचा दोष निराळा : चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकटा हवेतला ओलावा शोषतो. यंत्रावर लावली की टेप किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिखल साचतो. अशी टेप ५०-५५ अंशांवर काही तास मंद शेकतात, मग थोडे दिवस ती वाजवण्याजोगी होते. तेवढ्यात नक्कल करून घ्यायची.

आणि जिंगलांसाठी असायची कार्ट, म्हणजे न संपणाऱ्या टेपची डबी. ती तर पुसण्यासाठीच जन्माला आलेली. 

---

साष्टीकर

आपल्याकडचा धागा विचारलात म्हणून.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकन अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तो परत गेला, पण त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, मग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड असे वाजवणारे येत राहिले. स्वतःच्या देशात ज्या हॉटेलांत त्यांना पुढच्या दाराने शिरता येत नसे, तसल्या हॉटेलात इथे ते रोज संध्याकाळी बँड चालवत होते. वेदरफोर्ड तर परतलाच नाही, १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला.

आमच्या गोव्याची पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला आलेली. त्यांनी हे वाजवणं जवळून ऐकलं. फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्या हाताखाली वाजवायचा. आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवर हुबेहूब अमेरिकेतला जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग. तो पुढे सी. रामचंद्रांकडे गेला. पुणतांब्याचा मराठी माणूस, गोव्याचा ट्रम्पेटवाला आणि न्यू ऑर्लिन्सच्या जॅझचा ढंग, यातून १९५१ च्या 'अलबेला'तला धिंगाणा निघाला. 'शोला जो भडके' आज लावून नुसता मागचा ताफा ऐका.

नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' मिळालं तर वाचा. त्यांनी हे सगळं म्हाताऱ्या वादकांकडे बसून, घरोघरचे फोटो गोळा करून उभं केलंय. धागाकर्त्यांचाच मुद्दा पुन्हा : चित्रपटातली गाणी उरली, ताजमधल्या त्या संध्याकाळी काय वाजलं ते गेलं.

---

चिंगी

'शोला जो भडके'ची लिंक न देता गेलात म्हणून निषेध! 🙂

---

जलसेकर

साष्टीकरांचा प्रतिसाद आवडला, पण मला जुळणारा धागा ताजमहाल हॉटेलात नाही, वस्तीत दिसतो.

१९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांनी त्याआधी, १९४६ मध्येच, डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. ओळख जुनी आहे. पण त्यांच्याकडे रेडिओ होता. आपल्याकडे तेव्हा लहरी सरकारच्या ताब्यात, खासगी स्टेशन काढायची सोयच नव्हती. म्हणून आपला रेडिओ म्हणजे जलसा, आणि नंतर कॅसेट. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी. वामनदादा गावोगाव गायले, कार्यकर्त्यांच्या घरी राहिले, तिथेच कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवला. गाणी पुस्तकांत आली. पण दोन गाण्यांमध्ये ते जे बोलायचे, समोरच्या गावाचं नाव घेऊन कोपरखळी मारायचे, ते त्या कॅसेटींतच आहे. त्या कॅसेटी कुणाच्या माळ्यावर आहेत याची यादी कुणीच केलेली नाही.

म्हणून मला त्या लोकांच्या कामाची पद्धत जास्त जाणून घ्यायची आहे. ते नेमकं करतात काय? टेपा उचलून विद्यापीठात नेतात का? तसं असेल तर आपले लोक देणार नाहीत. आणि का द्यावं?

---

रेडिओवेडा

जलसेकर, प्रश्न लाखमोलाचा.

तिकडे काळ्यांची म्हणून स्थापन झालेली शंभरेक महाविद्यालयं-विद्यापीठं आहेत, त्यातल्या तीसेकांची स्वतःची रेडिओ स्टेशनं. ओहायोतल्या डब्ल्यूवायएसओ या सार्वजनिक स्टेशनच्या जोसलिन रॉबिन्सन यांनी ती स्टेशनं धुंडाळायला घेतली. कुठल्या कपाटात काय पडलंय, ओल कुठे आली आहे, यादी आहे की नाही. त्यातून प्रकल्प उभा राहिला, मेलन फाउंडेशनने पैसे दिले, मॅसॅच्युसेट्समधलं कागदपत्रं-ध्वनिफिती जतन करणारं एक केंद्र तांत्रिक बाजूला आहे. तुमच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की भर टेपा उचलून नेण्यावर नाही, त्या-त्या संस्थेच्या लोकांना शिकवण्यावर आहे. सोबत जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती. मूळ ठेवा ज्याचा त्याच्याकडेच.

आधी यादी, मग मुलाखत, मग नक्कल. पैसे नसले तरी पहिल्या दोन गोष्टी होऊ शकतात.

आणखी एक नाव सांगायलाच हवं. नॅथनिएल 'मॅग्निफिसंट' माँटेग. लॉस एंजेलिसच्या केजीएफजेवर एखादी रेकॉर्ड रंगात आली की ओरडायचा, "बर्न, बेबी, बर्न!" ऑगस्ट १९६५ मध्ये तिथली वॉट्स ही काळी वस्ती दंगलीत पेटली आणि रस्त्यावर तीच आरोळी. बिचाऱ्याला ती सोडून "लर्न, बेबी, लर्न" धरावं लागलं. या माणसाने आयुष्यभर काळ्यांच्या इतिहासाची पुस्तकं, पत्रं, चित्रं असं हजारोंनी जमवलं. रेडिओवर बडबड करणारा म्हणून लोकांनी ज्याला मोजलं, तो घरी संग्रह करत बसला होता.

---

खडूस

आता मी अवांतर करतो. नॅशव्हिलला २०२१ मध्ये आफ्रिकन अमेरिकन संगीताचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. मी पाहिलंय. ५६,००० चौरस फूट. स्पर्श केला की गाणं, इथे उभे राहा की तुम्ही गायकांच्या ताफ्यात. पोरं खूश. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीची तर मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली आणि २००३ मध्ये त्याच जागी तशीच पुन्हा बांधली! उत्सवाला पैसा मिळतो. कपाटातल्या चिकट टेपेला मिळत नाही. जून महिना ब्लॅक म्युझिक मंथ म्हणून अध्यक्ष कार्टर यांच्या काळापासून, १९७९ पासून साजरा होतो, आणि त्याच काळात किती स्टेशनांनी टेपा कचऱ्यात टाकल्या असतील?

---

पोटोमॅकची_पोर

खडूस, उत्सवावर इतकं तोंडसुख नको. ब्लॅक म्युझिक मंथसाठी खटपट करणाऱ्यांत डायना विल्यम्स होत्या, त्या स्वतः रेडिओ निवेदिका. साजरं करणारे आणि जपणारे तेच लोक असतात बऱ्याचदा. आणि स्टॅक्सच्या शेजारी मुलांची संगीत अकादमी आहे, ती पाहिलीत का?

मी वॉशिंग्टनकडे वाढले. आमच्याकडे हॉवर्ड विद्यापीठाचं डब्ल्यूएचयूआर. १९७६ मध्ये तिथे कॅथी ह्यूज यांच्या कारकिर्दीत मेल्विन लिंडसी या विद्यार्थ्याला बदली निवेदक म्हणून बसवलं. त्याने रात्रभर संथ, प्रेमाची गाणी लावली आणि त्यातून 'क्वाएट स्टॉर्म' हे रात्रीच्या संथ गाण्यांच्या कार्यक्रमाचं रूप निघालं. मग देशभर स्टेशनांनी ते उचललं. माझी आई रात्रपाळीहून गाडीने येताना हेच ऐकायची. तिला शब्द अर्धे कळत, पण तिला तो आवाज हवा असायचा. लताबाईंच्या कॅसेटीवर आठवड्यातून एकदा हे टेप व्हायचं, यावरून बाबांशी भांडण.

जपण्याच्या गोष्टीत एक मुद्दा कुणी मांडला नाही. टेपा कचऱ्यात गेल्या त्यामागे कायदा आहे. १९७८ पासून, अल्पसंख्याकांना स्टेशन विकणाऱ्याला करसवलत मिळायची. १९९५ मध्ये ती काढली. लगेच १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं ठेवायची यावरची मर्यादा उठवली. आधी चाळीस होती. काही वर्षांत एका कंपनीकडे तर हजाराच्या वर स्टेशनं. स्टेशन विकलं की नवा मालक जागा बदलतो, आणि जागा बदलताना पहिली जाते ती टेपांची खोली. निवेदक तर नाहीच, दुसऱ्या शहरातून आवाज येतो.

मग उरतं काय? श्रोत्यांच्या कॅसेटी. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएसवर १९८० च्या दशकात मिस्टर मॅजिक या निवेदकाचा रॅपचा कार्यक्रम लागायचा, पोरं रेडिओला कॅसेट लावून बसत. सुरुवातीच्या हिप-हॉप रेडिओचा कितीतरी भाग आज ऐकता येतो तो या पोरांमुळे. मध्येच आई हाक मारते, तेही त्यात आहे.

---

खडूस

अकादमी पाहिली नव्हती. १९९६ चा मुद्दा बिनतोड. लताबाईंच्या कॅसेटीबद्दल मात्र बाबांच्या बाजूने.

---

जलसेकर

पोटोमॅकची पोर, शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद. टेपवाले काका, आमच्या तालुक्यात तीन घरं मला माहीत आहेत जिथे अशा कॅसेटी आहेत. दिवाळीत जाणार आहे. काय करू, काय नको, एवढं सांगा.

---

टेपवाले_काका

लगेच वाजवू नका, हे पहिलं. आधी दोन्ही बाजूंचा फोटो, डबीच्या आतल्या कागदाचाही, पाठपोट. गाव, तारीख, कुणी टेप केलं हे त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून मोबाइलवर त्याच्याच आवाजात घ्या.

कॅसेटीच्या मागचे दोन छोटे चौकोनी कान असतील तर ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर टेप होणार नाही. आत पांढरी बुरशी दिसली तर वेगळ्या पिशवीत, बाकीच्यांजवळ नको. फ्रिजवर, टीव्हीमागे, स्पीकरशेजारी ठेवलेल्या असतील तर तिथून हलवा. आडव्या रचल्या असतील तर पुस्तकासारख्या उभ्या करा.

वाजवायचं यंत्र मी आणतो. हेड साफ करून, वेग तपासून. फक्त मला आधी तारीख कळवा, आणि त्या घरात सलग दोन तास वीज असते ना तेवढं विचारून ठेवा.